दाबलेल्या क्लचची साक्ष

मी एक जुना क्लच मास्टर सिलिंडर आहे. नाव भारदस्त, पण देह जेमतेम वीतभर. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी मोटारीच्या बॉनेटखाली एका कोपऱ्यात बसतो. चालकाने क्लचचे पेडल दाबले, की माझ्या पोटातला दट्ट्या सरकतो, माझ्यातले ब्रेक ऑइल नळीतून खाली जोर लावते आणि गिअर बदलता येतो. मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. मी त्यांना डाव्या पायावरून ओळखतो.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले आणि पोट आतून गुळगुळीत केले. तिथून मी एका निळ्या मोटारीत आलो आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पायाखाली नांदू लागलो. गल्लीतली मुले त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मावशी शिवलेले गणवेश शाळांना पोचवत. शिलाई मशीन चालवून त्यांचा पाय असा सरावला होता, की मला कधी धसका नाही की झटका नाही. मावशींच्या गाडीत हातातला चहा सांडत नाही, असे शेजारी म्हणत. ते ऐकले की लोखंडाच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. घड्याळात थेंबभर तेल सोडताना श्वास रोखून धरणारा माणूस! पण एकदा माझ्यातले ऑइल कमी दिसले, तेव्हा डब्यात उरलेले इंजिनचे तेल माझ्यात ओतून मोकळा झाला. तेल ते तेल, दुसरे काय! माझ्या दट्ट्यावर तेल अडवून धरणाऱ्या रबराच्या वाट्या असतात. ब्रेक ऑइलमध्ये त्या सुखाने राहतात, इंजिनच्या तेलाने मात्र फुगतात. माझ्याही फुगल्या आणि मी गळू लागलो.

एकदा दोघे चौकात सिग्नलला थांबले होते. सिग्नल सुटायच्या बेतात होता. मावशींनी गिअर टाकला होता, क्लच पुरता दाबला होता. पण माझ्यात जोरच उरला नव्हता. गाडी आपसूक पुढे सरकली आणि समोरच्या मोटारीवर आदळली. कोणाला खरचटलेही नाही, पण यजमान भर चौकात म्हणाले, "क्लच दाबायचं सोडून लक्ष कुठं होतं तुझं?"

"दाबला होता," मावशी म्हणाल्या.

"दाबला असतास तर गाडी हलली असती का?"

जमलेले लोक हसले. मला तोंड असते तर तिथेच साक्ष दिली असती. मावशींनी किल्ली यजमानांच्या हातात ठेवली आणि पुन्हा स्टिअरिंगमागे बसल्या नाहीत. गणवेश भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागले.

मग यजमान गाडी चालवू लागले. पेडल ढिले लागे, म्हणून ते मला धपाधपा दाबत आणि गाडी म्हातारी झाली म्हणत. दार उघडले, की माझा जीव टांगणीला लागे. पेडलवर बूट पडला, की समजायचे, आजही त्या नाहीत. मित्रांनो, ओढ लोखंडालाही लागते. माझे गळणे कोणाला तरी दिसावे आणि मावशींचा शब्द खरा ठरावा, एवढीच माझी आस होती.

शेवटी गाडीतली चटई ओली झाली आणि पेडल खाली गेले ते वर येईना. यजमानांनी मला काढून घड्याळांच्या टेबलावर घेतले. नव्या वाट्यांशेजारी जुन्या मांडल्या, तर जुन्या फुगून केवढ्या तरी झालेल्या. त्यांनी माझ्यातले तेल बोटावर घेतले, हुंगले, दिव्याखाली धरले. मग डोळ्यावरचे भिंग काढून त्यांनी इंजिनच्या तेलाचा तो डबा शोधून हुंगला.

नंतर त्यांनी मला आतून धुऊन पुसले आणि नव्या वाट्या घातल्या. नळीही बदलली, पलीकडच्या टोकाला बसणाऱ्या माझ्या जोडीदाराचे रबरही बदलले. मला जागेवर बसवून ताजे ब्रेक ऑइल भरले. पण आत हवा शिरली होती, आणि ती काढायला दोघे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने गाडीखाली आडवे होऊन स्क्रू सैल करायचा. शेजाऱ्याला हाक मारता आली असती. यजमान दारात घुटमळले आणि त्यांनी मावशींना बोलावले.

मावशी सीटच्या कडेवर टेकल्या आणि चप्पल काढून त्यांनी पाऊल पेडलवर ठेवले. तोच पाय! मला रडता येत नाही, आणि त्या क्षणी तर गळणेही बंद झालेले.

"दाब," खालून आवाज आला. "धर. आता सोड." असे काही वेळा झाले. मग खालून आवाजच येईना.

"धरून ठेवलाय मी," मावशी म्हणाल्या.

"ठाऊक आहे. त्या दिवशीही धरला होतास. तेल मी चुकीचं ओतलं होतं."

मावशींचा पाय पेडलवरून सुटला नाही.

"आधी हवा काढा," त्या म्हणाल्या.

हवा निघाली, पेडल घट्ट झाले. मावशी उतरल्या आणि घरात गेल्या. भर चौकात केलेला अपमान गाडीखालून पुटपुटल्याने थोडाच भरून निघतो! यजमानांनाही ते कळले असावे. त्या संध्याकाळी शेजारी कट्ट्यावर बसले असताना, चूक आपली होती, हिने क्लच दाबलाच होता, असे त्यांनी सगळ्यांना मोठ्याने सांगितले. मग मावशींचा पाय पोचेल इतकी सीट पुढे सरकवली आणि किल्ली शिलाई मशीनवर नेऊन ठेवली. तेव्हापासून ते आपल्या घड्याळांच्या दुकानात पायी जातात.

मित्रांनो, माझ्यात भलतेसलते ओतू नका. गळू लागलो, तर वेळीच उघडून बघा. आणि कोणी "दाबला होता" म्हणाले, तर हसण्याआधी एकदा बॉनेट वर करा. मी आता गळत नाही. सकाळी शिलाई मशीन थांबले, की मी कान टवकारतो. पावले गाडीपर्यंत येतात, थांबतात आणि माघारी जातात. आज मात्र दाराची मूठ हलली.