उजवा हात, डावा हात

प्रांजलीला दहावीचं गणित दोनदा द्यावं लागलं होतं. हे तिनंच मला पहिल्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं, तेही हसत. मला बारावीला गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. आमच्या वडीगोद्रीत हायवेवरच्या चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत एकही माणूस माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोडलेला नाही, ज्याला हे अठ्ठ्याण्णव माहीत नाहीत. तरी मधली सुट्टी झाली की तिसरीची पोरं पळत सुटायची ती प्रांजलीकडे. माझ्याकडे यायची फक्त ‘पाणी पिऊन येऊ का’ विचारायला.

आम्ही दोघी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. शिकवण्याच्या सरावासाठी आम्हाला तीर्थपुरीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवलेलं. वर्ग एक, राहायला खोली एक, गॅसही एकच. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याच हातची भाकरी खावी लागणं यासारखी शिक्षा नाही. आणि भाकरी तरी वाईट करावी तिनं! तीही टम्म फुगायची.

त्या आठवड्यात नंदा मॅडम येणार होत्या. त्या आमच्या कॉलेजात गणित कसं शिकवावं हे शिकवतात. त्या आम्हा दोघींचा एकेक पाठ बघणार आणि जिचा चांगला होईल तिला शिक्षण परिषदेत आदर्श पाठ घ्यायला मिळणार. म्हणजे केंद्रातल्या, आसपासच्या गावांतल्या साऱ्या शाळांचे शिक्षक समोर बसणार आणि आपण शिकवणार. तो पाठ मला हवा होता. नुसता हवा नव्हता, तो माझाच होता; मी अण्णांना फोनवर तसं सांगूनही बसले होते. गणितात प्रांजली माझ्या पुढे गेली असती, तर माझ्याकडे दुसरं होतं काय?

विषय दोघींना एकच दिलेला, हातच्याची वजाबाकी, कारण अर्ध्या वर्गाला ती येतच नव्हती. बावन्नातून सत्तावीस वजा करा म्हटलं की अर्धी पोरं बेधडक पस्तीस लिहायची. मी तीनदा समजावलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक घ्यायचा, दोनाचे बारा होतात. तरी पस्तीस! मोनिका नावाची दोन वेण्यांची पोरगी तर उठून म्हणाली, “म्याडम, दोनातून सात जात न्हाई, म्हणून मंग म्या सातातून दोन काढले की.”

आता याला काय म्हणायचं? “तसं नसतं करायचं,” एवढं म्हणून मी तिला खाली बसवलं.

मग मला आमच्या एका सीनियर ताईनं सांगितलेली युक्ती आठवली. पाठ बघायला कुणी आलं की सगळ्या पोरांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बघणाऱ्याला वाटतं, काय वर्ग तयार केलाय! आपण फक्त उजव्यांना विचारायचं. सोमवारी प्रांजली केंद्रप्रमुखांकडे कसलासा कागद द्यायला गेली होती, तेवढ्यात मी पोरांना बसवून सराव करून घेतला. पोरांना तो खेळच वाटला.

मंगळवारी माझा पाठ असा रंगला म्हणता! मी प्रश्न विचारावा आणि सगळा वर्ग हात वर करून तयार. उजव्या हाताचा अंगद फळ्याकडे यायचा, धडाधड उत्तर लिहायचा. नंदा मॅडम मागच्या बाकावरून म्हणाल्या, “तृप्ती, वर्ग छान हातात आहे तुझ्या.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्गशिक्षक कल्याण सरांनीही मान हलवली, आणि ते सहसा कशालाच मान हलवत नाहीत.

संध्याकाळी प्रांजली खोलीत तुरीच्या काड्या एका मापाच्या तोडत बसली होती. दहा काड्यांचा एक गठ्ठा, वर रबर.

“काय करून राह्यली?” मी विचारलं.

“उद्याची तयारी. तुझा पाठ लई भारी झाला गं. माझं काही खरं न्हाई.”

“होईल गं तुझाही,” मी तोंडानं म्हणाले. मनात म्हणाले, होऊ नये. हातांचं मी तिला सांगितलं नाही. का सांगू? तिनं मला कधी सांगितलं, पोरं तिच्याकडे का जातात ते?

बुधवारी मी मागच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी बसले. प्रांजलीनं फळ्यावर गणित लिहिलं आणि विचारलं, कोण सांगतं? सवयीनं सगळा वर्ग हात वर करून बसला, अर्धे उजवे, अर्धे डावे. माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. हिला काय ठाऊक! आणि झालंही तसंच. तिनं नेमकं मोनिकाला उठवलं, डाव्या हाताच्या मोनिकाला.

“पस्तीस,” मोनिका म्हणाली.

मला हसू दाबावं लागलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षात इतका आनंद मला दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. प्रांजलीनं दुसऱ्या पोराला उठवलं. तेही डावं, तेही पस्तीस. मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. प्रांजली थांबली. वर्गावरून तिनं एकदा नजर फिरवली.

“तुम्ही काहीजण डावा हात का वर करून राह्यले रे?”

“तृप्ती म्याडमनी सांगितलं,” अंगद ठणठणीत आवाजात म्हणाला. “येत असलं तर उजवा, न्हाई येत तर डावा.”

माझे कान तापले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“अरे वा!” प्रांजली म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता. “लई चांगली युक्ती आहे ही. मंग चला, डाव्या हातवाले सगळे माझ्याजवळ या जल्दी. उजवेवाले, तुम्ही जोडीजोडीनं फळ्यावरची पुढची गणितं सोडवा.”

ती सरळ फरशीवर बसली, भोवती डाव्या हातांची पोरं. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिनं मोनिकापुढे ठेवल्या. “मला सत्तावीस दे.” मोनिकानं दोन गठ्ठे उचलून दिले. मग सुट्या सात द्यायला गेली, तर सुट्या दोनच. ती काड्यांकडे बघत राहिली. प्रांजली काहीच बोलली नाही. मी असते तर बोलले असते. माझ्या जिभेवर उत्तर नुसतं वळवळत होतं. बऱ्याच वेळानं मोनिकानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

“आता किती सुट्या झाल्या?” प्रांजलीनं विचारलं.

“बारा!” मोनिका ओरडली. तिनं सात काड्या मोजून दिल्या, उरलेलं बघितलं आणि म्हणाली, “पंचवीस! मंग पस्तीस कसं आल्तं मला?”

तास संपताना प्रांजलीनं आणखी एक गणित घातलं, तेव्हा मोनिकाचा डावा हात अर्ध्यावर गेला, खाली आला आणि उजवा वर आला.

मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, परिषदेतला पाठ प्रांजली घेईल. मला फक्त एकच वाक्य म्हणाल्या, तेही हळू, “युक्ती तुझी होती, तृप्ती. वापरली तिनं.” मग त्या कल्याण सरांबरोबर चहाला गेल्या.

मला रडू येत होतं आणि रागही. एवढ्यानं भागलं नाही म्हणून प्रांजली माझा हात धरून म्हणाली, “तुझ्यामुळं झालं गं हे. तू पोरांना शिकवलं नसतं, तर मला कसं कळलं असतं कोणाला येत न्हाई ते?” तिच्या बोलण्यात टोमणा शोधला मी, जीव तोडून शोधला. नव्हता.

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. मोनिका माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल.

“म्याडम, काल म्या सगळा तास डावा हात वर धरला व्हता. खांदा दुखला. तुमी आल्याच न्हाई.”

“मी कशाला येणार होते?”

“येत न्हाई म्हणून. मला वाटलं, डावा हात केला का तुमी येऊन सांगताल.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

“माझं लक्ष नव्हतं गं,” मी म्हणाले.

“मंग कुठं व्हतं?”

व्हरांड्यात प्रांजली काड्या गोळा करत होती आणि चार पोरं तिला खेटून उभी होती. मोनिका उत्तराची वाट बघत राहिली आणि मी तिकडेच बघत होते.