शून्य आणि ओ

"झालंसुद्धा?" हरिहर सरांनी विचारलं.

"हो सर. चार सेकंद लागले," दीक्षा म्हणाली. "एकशे सतरा पेट्या."

शेजारच्या टेबलावरून वासंतीबाईंनी मान वर केली नाही. हेच शोधायला त्यांच्या मॅक्रोला, एक्सेलमधल्या त्या छोट्या प्रोग्रॅमला, अकरा मिनिटं लागत. नऊ वर्षांपूर्वी थेरगावच्या घरी, स्वयंपाक आटोपून, व्हिडिओ बघत त्यांनी तो लिहिला होता. महाळुंग्याच्या या कंपनीत तेव्हापासून जुना माल शोधायचा म्हटलं, की साहेबसुद्धा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. त्यांचा मॅक्रो एकेक ओळ तपासायचा. दिवाळीनंतर लागलेल्या या पोरीचा मॅक्रो सगळी शीट एकदम उचलायचा. आता सर तिच्या खुर्चीमागे उभे होते.

एका बॅचचं ब्रेकचं रबर फाटत होतं. त्या बॅचची पेटी न् पेटी परत मागवायची होती.

वासंतीबाईंनी गुपचूप आपला मॅक्रो लावला. आकडा आला, एकशे तेवीस.

कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं. आत्ता बोलायचं नाही, त्यांनी ठरवलं. मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत.

मग त्यांनी जास्तीच्या त्या सहा ओळी उघडल्या आणि चूक त्यांचीच निघाली. दोन वर्षांपूर्वी कीबोर्डचं शून्य अडकत होतं, म्हणून चार दिवस बॅच नंबर लिहिताना त्यांनी शून्याऐवजी इंग्रजी ओ दाबला होता. पुढे लक्षात आलं तेव्हा नोंदी तशाच ठेवून त्यांनी मॅक्रोलाच दोन्ही शोधायला शिकवलं. कुणाला पत्ता लागला नाही.

गप्प राहिलं, तर उद्या दीक्षाच अडकणार होती. आणि त्या सहा पेट्यांतलं रबर कुणाच्या तरी गाडीत बसणार होतं.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मेल पाठवतो."

"थांबा सर. सहा पेट्या राहिल्यात."

"कशावरून?"

वासंतीबाईंनी सगळं सांगितलं.

"हे तेव्हाच सांगायचं ना, मॅडम," सर म्हणाले आणि दीक्षाकडे वळले. "तुझ्या मॅक्रोत बसेल?"

"एक ओळ वाढवते."

ओळ वाढली. चार सेकंदांत एकशे तेवीस आले.

"छान," सर दीक्षाला म्हणाले.

सुट्टी झाली. दीक्षा बॅग भरत होती. "चला ताई, बस निघेल."

"ते एकदम उचलायचं," वासंतीबाई म्हणाल्या, "कुठल्या ओळीत लिहिलंयस?"

आतलं जळणं काही थांबलं नव्हतं. पण दीक्षाने बॅग खाली ठेवली, तशी त्यांनी आपली खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली.

"सावकाश सांग," त्या म्हणाल्या. "लिहून घेते."