आखाजीला सभा नसते

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तानुबाईने वाळूत वहाणा काढल्या, पदर खोचला आणि बोरी नदीच्या पात्राकडे तोंड करून घसा खाकरला. मागे चाळीस बाया. पलीकडच्या काठावर त्याहून जास्त. मधल्या नदीत पाणी जेमतेम घोट्याएवढं!

जमादार शालिग्राम लाठी टेकत आला.

"सभाबंदी आहे, बाई. जिनाबद्दल एक शब्द नको."

"सभा कोठे शे, भाऊ? आज आखाजी शे. दोन्ही काठन्या बाया एकमेकीले दगड मारतस, शिव्या देतस. तुनी मायबी देत व्हती."

बाया खिदळल्या. शालिग्राम मिशीवरून हात फिरवत बाभळीखाली जाऊन बसला.

मजुरी वाढवून मागितली म्हणून कापसाच्या जिनातून या चाळीसजणींना काढून टाकलं होतं. उद्या सकाळी मुकादमाची लॉरी त्यांच्या जागी पलीकडच्या बायांना न्यायला येणार होती. त्यांना अडवायला हातात होती फक्त ही संध्याकाळ आणि तानुबाईचा गळा.

तानुबाई मुंबईच्या हॉटेलात जाझ गायली होती, नाटकात राणी झाली होती. पण आखाजीला माहेरवाशिणींना झोका देतात, तो तिला, नाटकवाली म्हणून, वीस वर्षांत कुणी दिला नव्हता.

पलीकडून भिकुबाईने ओटीत दगड भरून पहिली शिवी गायली,

"तोंडले रंग फासस वं,
तुले झोका कोन देई वं?"

अलीकडच्या बायांनी माना खाली घातल्या. तानुबाईचा पाय मात्र वाळूत ठेका धरू लागला. तिने भिकुबाईचीच ओळ उचलली, अर्धी मात्रा मागे ठेवली, 'कोन देई'ला असा काही हेलकावा दिला की पलीकडची पोरं नाचायलाच लागली! आणि त्याच चालीत तिने पुढे जोडलं,

"सकाय लॉरीमा चढशात वं,
आमना जागावर बसशात वं,
मन्या चाळीस बहिनी कोठे बसतीन वं?"

भिकुबाईने दगड भिरकावला. तो पाण्यात पडला.

"हुकना!" तानुबाई ओरडली.

भिकुबाई हसली नाही. ओटीतले उरलेले दगड तिने तिथेच ओतले.

"ते मांगलं आखो एकदाव म्हन वं."

तिसऱ्यांदा ती 'कोठे बसतीन वं'ची ओळ दोन्ही काठांवरून उठली. शालिग्राम बाभळीखालीच होता.

सकाळी लॉरी जिनाच्या फाटकाशी आली. शालिग्रामने ताडपत्री वर केली. आत कुणीच नव्हतं.

"बाया कुठायत?" मुकादम ड्रायव्हरवर खेकसला.

"झोक्याजवळ. एकही चढली नाही. त्या नाटकवालीला झोका देतायत, पाळीपाळीने."

शालिग्रामने ताडपत्री सोडली आणि फाटकाशी उभा राहिला. त्याची लाठी जमिनीवर हलकेच वाजत होती, अर्धी मात्रा मागे.