अर्ध्या मिलिमीटरचा दिमाख

एकाच जातीच्या पक्ष्यांचे दोन गोतावळे. एक किनाऱ्यावर राहिला, दुसरा समुद्रापलीकडच्या बेटावर अडकला. हजारो वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही की त्यांची अंडीसुद्धा निराळी होत जातात, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. आणि झालंही होतं! बेटावरची अंडी सरासरी अर्धा मिलिमीटर जास्त लांब भरली होती. तिचा सगळा प्रबंध त्या अर्ध्या मिलिमीटरवर उभा होता. नवऱ्यापुढे तर ती आठवडाभर असा दिमाख मिरवत होती, जणू ती अंडी हिनंच घातली होती. आज चार वाजता मार्गदर्शक मॅडमना तक्ता दाखवला की झालं.

वहीतला एक आकडा पुसट झाला होता, तेवढ्यासाठी ती दुपारी संग्रहालयात गेली. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या काकांनी किनाऱ्याच्या अंड्यांचा खण ओढला. कापसात निजलेली, कधीकाळी आतलं सगळं काढून घेतलेली पोकळ टरफलं. पुसट आकडा तिनं नव्यानं लिहिला आणि सहज म्हणून शेजारचं अंडं कॅलिपरच्या दोन जबड्यांमध्ये धरून मोजलं.

"काका, हे वहीतल्यापेक्षा वाढलंय."

"रिकामं आहे ते, ताई. काय खाऊन वाढेल?"

पुढचंही वाढलं होतं. तिनं दहा मोजली, नऊ वाढलेली.

काका चष्म्यावरून बघत होते. "रागावणार नसाल तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही कॅलिपर टरफलाला टेकेपर्यंत मिटायचात. माझा जीव वरखाली व्हायचा. आता नुसता लांबून दाखवताय."

तिनं वहीतल्या तारखा पाहिल्या. किनाऱ्याची अंडी तिनं बाळंतपणाच्या रजेआधी मोजली होती, बेटाची रजेनंतर. मध्ये ठमी झाली. तिची इवलीशी नखं कापताना, टाळूला तेल लावताना हातानं परस्पर ठरवून टाकलं होतं: अलीकडेच थांबायचं. आणि त्या हाताला पुन्हा मोजमापाच्या कामाला जुंपताना हिनं विचारलंसुद्धा नव्हतं!

वहीला तोंड नव्हतं. काका चुगली करणाऱ्यातले नव्हते. तक्ता तर इतका देखणा होता की तिनं तो तीनदा उघडून पाहिला.

चार वाजता मॅडमसमोर ती सगळं भडाभडा बोलून गेली.

"म्हणजे दोन वर्षांत पक्षी बदलले नाहीत, तुम्ही बदललात," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि तो बदल दशांशापर्यंत मोजलात." त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "सगळी पुन्हा मोजा. अंडं कुठल्या खणातलं, ते तुम्हाला कळता कामा नये."

"दोनशे चाळीस आहेत, मॅडम."

"मग बसलात काय?"

तीन आठवडे काका चिठ्ठी झाकून एकेक अंडं पुढे करत राहिले आणि ती श्वास रोखून कॅलिपर मिटत राहिली. एक फुटलं. काकांनी त्याचे तुकडेही वेचून कापसात निजवले.

शेवटी बेरजा झाल्या. प्रबंधाच्या नावातला 'लक्षणीय' हा शब्द तिनं स्वतःच खोडला. तरी घरात पाऊल टाकताच तिला राहवलं नाही.

"मोठीच आहेत रे, बेटावरची!"

"किती?" ठमीला भरवता भरवता नवऱ्यानं विचारलं.

तिनं दोन बोटं जवळ आणली. इतकी जवळ, की मधून उजेडसुद्धा दिसेना.