व्हर्लिनच्या अंगणातली मोकळी जागा

माझ्या नवऱ्याचा, लेलंडचा, थोरला भाऊ व्हर्लिन आता फार दिवसांचा सोबती नाही, असं त्याच्या मुलीने, जोलीनने, फोनवर सांगितलं. भेटायला बोलावलं होतं. वडिलांचा ट्रॅक्टर कुणी विकला यावरून दोघे भाऊ अर्धं आयुष्य बोलले नव्हते. आम्ही हिवाळाभर ॲरिझोनात होतो, घर म्हणजे आमचं मोटरहोम, बसएवढी राहती गाडी. नेब्रास्काला निघायचं, तर मागे छोटी गाडी जोडून ओढायला नवा टो बार, म्हणजे लोखंडी दांडा, हवा होता.

दुकानातल्या बाईने दोन बार पुढ्यात ठेवले. "हा घ्या साहेब. गाडी तिरकी उभी राहिली तरी ह्याच्या पिना हाताने निघतात. त्या साध्याच्या अडकून बसतात."

"मी गाडी तिरकी उभी करतच नाही," लेलंड म्हणाला.

"माणूस तिरका असला म्हणजे पुरतं," मी म्हटलं. बाई हसली. त्याने साधाच घेतला.

मोटरहोमबरोबर मागच्या गाडीचाही ब्रेक दाबणारी पेटी मात्र त्याने उत्तमातली उत्तम निवडली. थांबायची सोय केली, सुटायची नाही.

गाव जवळ आलं तशी मी म्हटलं, "धान्याच्या कोठारानंतर डावीकडे."

"मला सांगतेस? मी इथे जन्मलोय!" असं म्हणत तो कोठाराच्या आधीच वळला. रस्ता मक्याच्या खुंटांपाशी, कुंपणाला जाऊन संपला. मागे गाडी जोडलेली असताना मोटरहोम मागे घेता येत नाही. घेतलं तर बार वाकतो. आधीचा तसाच वाकला होता. आता गाडी सोडवणं भाग होतं, आणि मोटरहोम तर चराच्या कडेला चांगलंच तिरकं झालेलं. पिना हलेनात.

"जोलीनला फोन करते. येऊन घेऊन जाईल आपल्याला."

"इतक्या वर्षांनी भावाच्या दारात जायचं, ते पुतणीच्या गाडीत बसून? माझी गाडी घेऊनच जाईन."

"अरे, तो काय तुझी गाडी बघायला थांबलाय?"

त्याने हातोडा काढला. फोन माझ्या खिशात होता. तो न करता मी त्याला पाने-पकडी देत राहिले. त्याच्या हट्टाचा राग केव्हाच गेला, मी तो फोन केला नाही याचा अजून जात नाही.

पिना निघेपर्यंत ऊन कललं होतं. तो मोटरहोम घेऊन पुढे, मी छोटी गाडी घेऊन मागे, असे पोचलो. जोलीन पायरीवर बसली होती. ती उठली नाही, त्यावरूनच कळलं.

"आत्ताच गेले, काका. तुमचीच वाट बघत होते."

लेलंड टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला. नांगर, मोडकी पेरणीयंत्रं, भंगार यांनी कायम भरलेलं ते अंगण आज रिकामं होतं.

"इथलं सगळं सामान कुठे गेलं?" त्याने विचारलं. दुसरं काही त्याला सुचलं नसावं.

"तुम्ही मोटरहोमने येताय कळल्यावर बाबांनी खिडकीत बसून हलवून घेतलं. म्हणाले, लेलंड मागे गाडी जोडून येईल, त्याला मागे घेता येणार नाही. गोल वळायला जागा करा."

दफन झाल्यावर आम्ही त्या अंगणातच गाडी जोडली. लेलंडने अंगणाला पूर्ण वळसा घेतला, फाटकापाशी आला, आणि बाहेर न पडता पुन्हा आत वळला.