वीज बांधलेली चिंच

दुपारचे तीन वाजले होते. हमरापुरात आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या अंगणात साठ-सत्तर माणसं जमली होती. घाम वाळत नव्हता, पान हलत नव्हतं, आणि चिंचेखाली वीजबाबा हातात पांढरा बल्ब धरून ओरडत होते.

"होल्डर हाय का? नाय! बटन हाय का? नाय! वायर मीटरला जोडलीय का? बघा, कुणीबी येऊन बघा!"

चिंचेच्या बुंध्याला तांब्याच्या तारेचे वेढे होते. बाबांनी तारेवर पाणी शिंपडलं, बल्बचं बूड तारेला टेकवलं. बल्ब लख्ख पेटला. माणसांनी हात जोडले.

"आकाश म्हणजे प्लस! धरणी म्हणजे मायनस! आणि मधी उभा मी! आभाळातला करंट या झाडात कोंडलाय. आज चार-पाचच्या टायमाला घाटाकडनं वादळ येणार. येऊ द्या! चिंचेखाली जो उभा राहील, त्याच्या केसाला धक्का लागणार नाय!"

हा बाबा आमच्या दारात कसा आला ते सांगतो. मे महिन्यात आमचं सगळं उन्हावर चालतं. शाडूच्या कच्च्या मूर्ती अंगणात फळ्यांवर सुकत असतात. आभाळ भरलं की पळापळ होते आणि सगळा ओला माल पक्क्या स्लॅबच्या गाळ्यात जातो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. कोपर लागलं की सोंड तुटते. त्यामुळे गणपती आत आणि त्यांना घडवणारी माणसं बाहेर, झाडाखाली.

गेल्या वर्षी माती मळणारी जनू अशीच शेजारच्या शेतातल्या आंब्याखाली थांबली होती. वीज पडली. जनू जागीच गेली. यंदा वाडीवरून कामाला येणाऱ्या बायकांनी मालकाला, हैबतशेठला, तोंडावर सांगितलं, "छप्पर बांधा, नायतर पावसात आमी गाळ्यात येनार." शेठने छप्पर बांधलं नाही. बाबा आणला.

मी आखणीवाला. मूर्तीचे डोळे काढतो. माझी बैठक गाळ्याच्या आत, पंख्याखाली. बाबा थापा मारतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. माझ्या डोक्यावर स्लॅब होता, एवढंच त्याचं कारण.

त्या दिवशी हुमेरा मॅडम आल्या होत्या. रोह्याकडच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. साच्यावर काम करणाऱ्या चिमाची मुलगी पूजा तिथल्या वसतिगृहात राहून शिकलेली, त्यांची विद्यार्थिनी. दहावी पास झाली आणि आईबरोबर इथे कामाला लागली. तिच्या अकरावीच्या फॉर्मवर आईचा अंगठा घ्यायला मॅडम रोह्याहून गाडी पकडून आल्या होत्या. गर्दीच्या मागे उभ्या राहून त्या सगळं बघत होत्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "वादळाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दृष्टान्त झाला, बेटी."

मॅडमनी मोबाईल काढला आणि मोठ्याने वाचलं, "रायगड जिल्हा. उष्ण व दमट हवामान. दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा." मग विचारलं, "हा दृष्टान्त सकाळपासून माझ्या फोनवर आहे. तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं सिम आहे?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हैबतशेठ पुढे आले. "मॅडम, तुमचा धर्म वेगळा. आमच्या श्रद्धेत कशाला हात घालता?"

"शेठ, विजेला धर्म असता तर मी गप्प बसले असते. तो बल्ब जरा माझ्याकडे द्या."

"स्त्रीचा स्पर्श चालत नाय!" बाबा ओरडले.

हे ऐकून चिमा उठली. कोपरापर्यंत शाडू माखलेली. "चालत नाय व्हय? माज्या हातची मूर्ती पूजेला चालते आनि तुझा बल्ब बाटतो?" असं म्हणत तिने बाबांच्या हातातून बल्ब ओढला.

तिची ओली बोटं बल्बच्या बुडाला लागली आणि बल्ब पेटला.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. चिमाने दचकून बोटं काढली, बल्ब विझला. पुन्हा लावली, पुन्हा पेटला.

"शक्ती शिरली तिच्यात!" बाबांनी सावरायला बघितलं.

"आये, मना दे," पूजाने बल्ब घेतला. तिच्या हातात पेटला. माल वाहणाऱ्या चंदरच्या हातात पेटला. मॅडमनी तो एका मूर्तीच्या ओल्या पाटाला टेकवला, तिथेही पेटला.

"आता काय सगळ्यांत शक्ती शिरली?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या रोह्यात वारा सुटला की लाईट जाते. घरात असे दोन बल्ब आहेत. आत बॅटरी असते, चार्ज होते. बुडावरचे हे दोन ठिपके ओल्या हाताने किंवा तारेने जोडले की पेटतो. पेणच्या बाजारात कुठल्याही लाईटच्या दुकानात मिळतो. झाडात काही कोंडलेलं नाही. उलट मोकळ्यावरच्या उंच झाडाला वीज आधी गाठते. झाडाखाली उभं राहू नका. पक्क्या घरात जा."

तेवढ्यात घाटाकडून पहिला गडगडाट झाला. आभाळ काळंनिळं झालं होतं.

"माल आत घ्या!" शेठ ओरडले.

कोणी हललं नाही. चिमाने पूजाचा हात धरला आणि गाळ्याकडे निघाली. शेठ दारात आडवे झाले. "अगोदर माल! जागा उरली तर माणसं."

"शेठ, जनूच्या टायमाला उरली व्हती का जागा?"

"चिमे, कामावरनं काढीन."

"काड. पर बाजूला हो."

शेठला ओलांडून चिमा आत गेली, तिच्यामागून वीसजणी आणि मग बाकीची माणसंही. त्यांना वाट करून द्यायला मी उठलो. मी केलं ते एवढंच. चाळीस मूर्ती बाहेर राहिल्या. वाऱ्याने प्लास्टिक उडवलं, पावसाने त्यांचा चिखल केला. बाबा सगळ्यांच्या आधी आत येऊन बसले होते, माझ्या पंख्याखाली. चिंचेखाली कोणीच नव्हतं, वीज बांधणारासुद्धा नाही.

अर्ध्या तासात वादळ सरलं. चिंच होती तशी उभी होती. शेठ खदखदून हसले. "बघा! पडली का वीज? उगा माझा माल घालवलात!"

चिमा म्हणाली, "जनू मेली त्याच्या आदल्या दिवसापत्तुर त्या आंब्याला पन काय झालं नव्हतं."

शेठ चिखल झालेल्या मूर्ती मोजायला अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी चिमाला आणि पूजाला कामावर घेतलं नाही. कारखान्यातले आम्ही कोणी हूं की चूं केलं नाही. पूजाचा फॉर्म भरला गेला, तेवढं बरं झालं. चिमा आता रोज सकाळी पेणला रामवाडीच्या नाक्यावर मजुरीसाठी उभी असते. बाबा दुसऱ्या मालकाकडे गेले, नवीन बल्ब घेऊन. आणि चिंचेखाली यंदा परगावची नवी माणसं उभी केली जातात.

वाचणाऱ्यांनो, बाबा लबाड होता हे ओळखायला अक्कल लागत नाही. त्याला कोणी आणला आणि छपराचा खर्च कोणाचा वाचला, ते बघा. गरमी वाढत जाणार, दुपारनंतर आभाळ फाटत राहणार. इशारा तुमच्याही फोनवर येतो, तो वाचा. गडगडाट ऐकला की झाड सोडा, पक्क्या छताखाली जा. आणि तुमच्या मालकाने उद्या असला बाबा दारात उभा केला, तर बाबाशी वाद घालत बसू नका. मालकालाच विचारा, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने: पाऊस आला की आम्ही कुठे उभं राहायचं?