साळूबाई बँक बघायला जाते

"वरचं नगं. बुडाचं पुडकं काढा," साळूबाई म्हणाली.

मॅनेजरसाहेबांनी टेबलावरच्या नोटांच्या चळतीकडे पाहिलं. खिडकीतून सगळ्यांना दिसावी म्हणून त्यांनी ती सकाळपासून रचून ठेवली होती. बाहेर शे-दीडशे माणसं पासबुकं घेऊन उभी होती. लांबच्या कुठल्याशा बँकेनं दार लावून घेतल्याची बातमी पेपरात आली होती. ती पौडच्या बाजारात पोचेपर्यंत तिथला मॅनेजर बायकोचं लुगडं नेसून पळाल्याचंही ठरलं होतं.

रिहे गावच्या अकरा पासबुकांनी मात्र आधी साळूबाईला आत पाठवलं होतं. रिह्यातली मुलगी बाहेर द्यायची तर सोयऱ्याचं घर साळूबाई बघून येई. भाताची कणगी भरलेली दिसली की ती कोपरापर्यंत हात घाली. चार बोटांखाली कोंडा लागला की चहा न घेता उठे. एका घरी तर गोठ्यातल्या दोन म्हशी उसन्या आहेत हे तिनं उंबऱ्यातूनच ओळखलं, कारण त्या सारख्या पलीकडच्या आळीकडे बघत होत्या. परत आली की दिसलं तेवढं सांगायचं, ठरवायचं मुलीच्या बापानं, असा तिचा रिवाज. अशी बत्तीस घरं झाली होती.

बँक हे तेहतिसावं. फरक एवढाच, की या घरात तिचे तीनशे ऐंशी रुपये आधीच देऊन झाले होते. कुळकायद्यानं ती कसत होती ते भाताचं खाचर तिच्या नावावर व्हायचं होतं. शेवटचा हप्ता सोमवारी, याच पैशांतून. चुकला की खाचर गेलं.

साहेबांनी बुडाचं पुडकं ओढलं, तशी सगळी चळत कोसळली. त्यांनी ती गोळा केली. साळूबाईनं एक नोट चोळली, हुंगली.

"खऱ्या हायेत."

साहेबांनी श्वास सोडला.

"पर घरच्या का आणलेल्या?"

"आज सकाळी पुण्याहून मागवल्या," साहेब म्हणाले. त्यांना वीस वर्षं खरं बोलायची सवय होती आणि त्या दिवशी ती नडली.

दारात उभा असलेला तिचा दीर गेणबा हळूच म्हणाला, "वयनी, म्हशी."

"मंग आमचं पैसं कुटं हायेत?" साळूबाईनं विचारलं.

"मावशी, बँक पैसे पुरून ठेवत नाही. कुणाला गिरणीसाठी देते, कुणाला ट्रकसाठी. ते हळूहळू परत येतात."

"म्हंजे लेक आमी हितं दिली आन् नांदतीया भलतीकडंच."

साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमचे तीनशे ऐंशी मी आत्ता हातात देतो. मागच्या दारानं गेणबांच्या हाती घरी पाठवा. बाहेर फक्त एवढंच सांगा, की सगळं ठीक आहे. लोक दोन दिवस थांबले तर बँक तरेल."

नोटा मोजून तिच्यापुढे आल्या.

बत्तीसपैकी एकोणीस घरांनी तिला नवं लुगडं देऊ केलं होतं. एकही तिनं घेतलं नव्हतं. पण आपलेच पैसे लाच म्हणून समोर येतील, हे तिला कधी सुचलं नव्हतं. हात पदरातून निघाला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि तिथंच थांबला.

"ठिवा आत," ती म्हणाली.

ती बाहेर पायरीवर आली.

"आत पैका हाय. खरा हाय. पर आज सकाळी पुण्यातनं आणलाय. बघितलं ते सांगितलं. ठरवा तुमी."

शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात लोकांनी ठरवलं. सगळा जमाव दारात घुसला. साळूबाई भिंतीला चिकटली. रांग लागली तेव्हा ती शेवटी होती.

"वयनी, माझ्या म्होरं या," गेणबा दहाव्या नंबरावरून म्हणाला.

"नगं."

"अवो, सोमवारी हप्ता हाय."

"मी बोलले आन् मीच म्होरं घुसले, तर लोक काय म्हनतील? म्हातारी सोतापुरतं बोलली."

"म्हनू द्या की."

"न्हाई भावोजी. तुमी घ्या तुमचं."

गेणबाला त्याचे मिळाले. तेही त्याच्या स्वतःच्या खाचराच्या हप्त्याचेच होते, आणि नेमके तेवढेच.

सव्वातीनला खिडकी बंद झाली तेव्हा साळूबाईच्या पुढे चार माणसं होती. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी टंकलेला कागद. कागद सगळ्यांनी वाचला, वाचता न येणाऱ्यांनी जरा जास्तच वेळ. बँक मुळात पोकळ होती की त्या दुपारी झाली, ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

दोघं रिह्याला चालत निघाली. एरवी गेणबा पुढे असे. आज तो दहा पावलं मागून येत होता.

"म्होरं व्हा की भावोजी," साळूबाई म्हणाली.

तो झाला नाही.

खाचराशी ती थांबली. खेकड्यानं बांध पोखरला होता आणि भोकातून पाणी ओढ्याकडे चाललं होतं. तिनं लुगडं वर खोचलं, चिखलात उतरली आणि भोकात मूठभर माती दाबली.

गेणबा बांधावर उभा राहिला. "वयनी, आता कशापाई?"

"पानी चाललंय," ती म्हणाली, आणि दुसरी मूठ उचलली.